गिअरचं तेल : चार की पाच?

गेल्या महिन्यात एका भगिनींचं पत्र आलं. शौहर कतारला, दोन मुलं शाळेत, सासू-सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं, त्यामुळे गाडी त्या स्वतःच चालवतात. सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा गॅरेजवाल्याने विचारलं, “ताई, गिअरबॉक्सचं ऑइलपण बदलायला झालंय. जीएल-४ घालू की जीएल-५? पाच जरा महाग आहे, पण भारी आहे.” भगिनी लिहितात, “मी पाच घाला म्हणाले. उद्या गाडी बिघडली तर चार पैसे वाचवायला गेली म्हणून मलाच ऐकावं लागेल. बरोबर केलं ना?”

पत्र वाचून आम्ही जरा वेळ गप्पच बसलो. कारण हाच सवाल दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीसमोर उभा राहिला होता, आणि आम्हाला तर कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हा आमच्या भाचीचा निकाह कराडला होता. घरची गाडी दहा वर्षांची, छोटी हॅचबॅक. निघायच्या आठ दिवस आधी ती चिपळूणमधल्या एका गॅरेजात दिली. गॅरेज चालवणारा मुलगा तरुण, मेहनती, ओळखीतला. संध्याकाळी चावी हातात देताना खुशीत म्हणाला, “चाचा, घाटातून जायचंय ना, म्हणून गिअर ऑइलपण बदलून टाकलं. सगळ्यात भारी घातलंय.” आम्हीही खूश झालो आणि शंभर रुपये वरचे दिले.

दुसऱ्या दिवसापासून दुसरा गिअर टाकताना हाताला काहीतरी अडल्यासारखं लागायचं. गाडीचं वय झालं, चालवणाऱ्याचंही झालं, असं म्हणून सोडून दिलं. निकाहच्या दिवशी सकाळी कुंभार्ली घाट चढत होतो. मागे अम्मी, खाला आणि आमची धाकटी, मांडीवर मिठाईचे डबे. एका चढाच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलो तर कर्रर्र असा आवाज आला आणि गिअर आत जाईना. पुन्हा ढकलला, पुन्हा कर्रर्र. तेवढ्यात गाडीचा जोर संपला, ती थांबली आणि मागे सरकायला लागली. मागे माल भरलेला ट्रक. हँडब्रेक ओढला, ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून आज हे लिहितो आहोत. अम्मींच्या तोंडून “या अल्लाह” एवढंच निघालं.

गाडी उभी असताना पहिला गिअर पडत होता, चालत्या गाडीत दुसरा पडत नव्हता. आमचे मामू एके काळी मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवायचे. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “घाबरू नकोस. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड. आता ॲक्सिलरेटर थोडा दाब, परत क्लच दाब आणि मग दुसरा टाक. आमच्या वेळच्या गाड्या अशाच चालायच्या.” तसं करत करत, प्रत्येक वळणाआधी गाडी हळू करत, आम्ही कराडला पोहोचलो. तोवर निकाह होऊन खारका वाटून झाल्या होत्या. अम्मी त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

कराडात एका गॅरेजला दाखवलं. दहा मिनिटांत निकाल आला : सिंक्रो रिंगा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, बावीस हजार. मुलाच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे होते, तेवढेच. आम्ही “घरी जाऊन बघतो” म्हणालो आणि मामूंच्या पद्धतीने घाट उतरून परत आलो.

चिपळूणला एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि पहिला सवाल केला, “अलीकडे काय काम केलंय?” आम्ही बिल काढलं. त्यावर लिहिलं होतं : गिअर ऑइल ९०, जीएल-५, २ लिटर. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. “रिंगा शाबूत असतील. हे तेल त्यांना पकडूच देत नाहीये.”

हे ‘पकडू देत नाही’ म्हणजे काय, ते त्यांनी एसटीच्या उदाहरणावरून सांगितलं. धावत्या एसटीत चढणारा माणूस काय करतो? आधी दोन पावलं गाडीबरोबर धावतो. त्याचा वेग आणि गाडीचा वेग जुळला की अलगद पाय आत टाकतो. न धावता चढायला गेला तर आपटतो. गिअरबॉक्समध्ये आपण दुसरा गिअर टाकतो तेव्हा आतला शाफ्ट एका वेगाने फिरत असतो आणि त्या गिअरचं चाक दुसऱ्याच वेगाने. दोघांचे वेग जुळल्याशिवाय दाते एकमेकांत बसत नाहीत. वेग जुळवायचं काम करते ती सिंक्रो रिंग. बहुतेक गाड्यांत ती पितळेची असते. दाते अडकण्याच्या क्षणभर आधी ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घासते आणि त्याला आपल्या वेगावर आणते. म्हणजे धावणाऱ्या माणसाची चप्पल म्हणजे ही रिंग. आता रस्त्यावर तेल सांडलेलं असेल तर चप्पल पकड घेईल का? तसंच झालं होतं. वरच्या गिअरवरून खालचा टाकताना चाकाला जास्त वेगाने फिरवावं लागतं, रिंगेवर ताण जास्त येतो, म्हणून तक्रार आधी तिथेच सुरू होते. मामूंची दोनदा क्लच दाबायची युक्ती चालली तीही यामुळेच. रिंगेचं काम त्यांनी आमच्या पायाकडून करून घेतलं होतं.

एकूण काय, गिअरबॉक्सच्या तेलाकडून दोन उलट्या गोष्टी हव्या असतात. दात्यांना निसरडेपणा हवा आणि रिंगेला थोडी पकड हवी. इंजिनाच्या तेलाला ही कसरत करावी लागत नाही. म्हणून ‘जितकं गुळगुळीत तितकं भलं’ हा हिशेब इथे चुकतो.

मग जीएल-५ बनवलंच कशाला? ते बनलं दुसऱ्या जागेसाठी. जीप, बोलेरो, टेम्पो, ट्रक अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागच्या धुरीत डिफरन्शियल असतं. रस्त्यावर मागून पाहिलं की मधोमध जो गोळा दिसतो तो. त्यातले हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घसरतही जातात. तिथे साधं तेल दाबाने पिळून बाहेर पडेल आणि लोखंडावर लोखंड घासेल. म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं भरपूर घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती द्रव्यं दात्यांवर एक पातळ थर चढवतात आणि लोखंड वाचतं. गिअर ऑइलला जो उग्र, नाकात जाणारा वास येतो तो या गंधकाचाच. जीएल-४ मध्ये ही द्रव्यं साधारण निम्मी असतात. जीएल-५ मध्ये ती जास्त, आणि ती जास्त असल्यामुळेच दोन अडचणी येतात : रिंगेची पकड सुटते, आणि काही तेलांतलं गंधक पितळेला हळूहळू खातं. पहिली गोष्ट आठ दिवसांत हाताला कळते. दुसरी दिसत नाही, कळते तेव्हा खरोखरच रिंगा बदलाव्या लागतात.

तेव्हा चार आणि पाच हे इयत्तेचे नंबर नाहीत. चौथीतून पाचवीत गेलं की मूल जास्त शिकलं, तसं इथे नाही. त्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत.

पण भगिनींनो आणि बंधूंनो, आता “नेहमी चारच” असाही घोष करू नका. काही गाड्यांचे गिअरबॉक्स जीएल-५ साठीच बनवलेले असतात. काही कंपन्यांना त्यांचं स्वतःचं खास मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड लागतं. काही गिअरबॉक्समध्ये तर ऑटोमॅटिकचं लाल, पातळ तेल कंपनीनेच सांगितलेलं असतं. बोल्ट उघडला आणि लाल तेल आलं तर मागच्या मालकाने काहीतरी घोटाळा केला असं लगेच धरून चालू नका, आधी पुस्तक बघा. डब्यांवर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलीही तेलं मिळतात. त्यातली काही पितळेला त्रास न देणारी असतात, पण पकडीचा सवाल उरतोच. आमच्या मते पुस्तकात चार लिहिलेलं असेल तर सरळ चारच घ्यावं.

आता डब्यावरचे दुसरे आकडे. ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-८५, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० असं काही लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल कडाक्याच्या थंडीत पातळ राहतं. नंतरचा आकडा तेल गरम झाल्यावर किती दाट राहील ते सांगतो. कोकणात बर्फ पडत नाही, म्हणून पहिल्या आकड्याने आपल्याला काही फरक पडत नाही असं पुष्कळ मिस्त्री म्हणतात. अगदीच खरं नाही ते. डिसेंबरच्या पहाटे पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड पडतात ना, तिथे पातळ तेल हाताला हलकं लागतं.

इथे आणखी एक गैरसमज सांभाळा. गिअर ऑइलचा ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या ४० पेक्षा दुपटीने दाट असतो असं वाटतं. तसं नाही. दोन्हींची मापं वेगळी ठेवलेली आहेत, एवढंच. गरम झाल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. आणि गॅरेजात जे ‘नव्वद नंबर’, ‘एकशेचाळीस नंबर’ म्हणून मागतात, त्यात फक्त दाटपणा कळतो. ते जीएल-४ आहे की जीएल-५, हे त्या नंबरात येतच नाही. आमच्या बिलावर दोन्ही लिहिलेलं होतं, ही त्या मुलाची मेहरबानीच म्हणायची.

दाट तेलाबद्दल जुनी गाडी घेणाऱ्यांना एक इशारा. गिअरबॉक्सचं बेअरिंग झिजलं की चालताना घूं घूं असा आवाज येतो. तेच तेल काढून एकशेचाळीस नंबरचं दाट तेल भरलं की आवाज काही दिवस दबतो. विकणाऱ्याचं काम होतं. म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन थंड असताना जा. आणि मालकाला आधीच सांगा, “आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” थंड गाडीचे गिअर फारच जड पडत असतील तर तेल कोणतं आहे, हे बोल्ट उघडून पाहायची मागणी करा. खरा विकणारा नाही म्हणणार नाही.

तर मग आपल्या गाडीला कोणतं हे कळायचं कसं? गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात, शेवटच्या काही पानांत, तेलांचा तक्ता असतो. तिथे ‘मॅन्युअल ट्रान्सॅक्सल’ किंवा ‘मॅन्युअल ट्रान्समिशन’ असं शोधा. समोर दाटपणा, जीएलचा नंबर आणि किती लिटर हे तिन्ही मिळतं. छोट्या गाड्यांत बहुधा दोन लिटरच्या आसपास लागतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात, तेल एकच. मागच्या चाकांवरच्या गाडीत दोन पेट्या, दोन वेगळी तेलं. पुस्तक हरवलं असेल, आणि जुन्या गाडीत ते हटकून हरवलेलं असतं, तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. तेही नाही जमलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून चासी नंबर सांगा, ते पार्ट काउंटरवरून बघून सांगतात. फोटो काढून मोबाइलात ठेवा. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलात ठेवा, गाडी ज्याच्या हातात तो गॅरेजात जाणार.

आजकाल क्लच नसलेल्या एएमटी गाड्या घरोघर आल्या आहेत. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत हा प्रकार आणला, तेव्हापासून छोट्या गाड्यांतही तो मिळू लागला, आणि शहरात चालवणाऱ्या भगिनींना तो सोयीचा वाटतो. लोक त्याला ऑटोमॅटिक म्हणतात. पण आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. म्हणून त्यात ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हणून ऑटोमॅटिकचं तेल ओतू देऊ नका. गिअर हलवणाऱ्या यंत्राला वेगळं तेल असतं, त्याची गल्लत गिअरबॉक्सशी होऊ देऊ नये.

गिअर अडला की तेलच चुकलं, असंही नाही. गाडी बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि इंजिन सुरू केल्यावर एकही नीट पडत नाही, असं असेल तर आधी क्लच बघायला सांगा. रिव्हर्स टाकताना कर्र होत असेल तर क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंगच नसते. आणि गाडीखाली, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, उग्र वासाचं तेल ठिबकत असेल तर ऑइल सील गेलंय. मग तेल कोणतं हा सवाल नंतरचा, आत तेल उरलंय का हा पहिला.

पावसाचं एक सांगायलाच हवं. जुलै २०२१ मध्ये आमच्या चिपळूणला पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात होत्या. इंजिनाची काळजी सगळ्यांनी केली. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी वर एक छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत जातं, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. मिस्त्री सांगतात, त्या महिन्यात त्यांनी बोल्ट उघडला की दुधाचा चहा बाहेर यायचा. पाणी मिसळलेलं तेल तसंच दिसतं. गाडी गुडघाभर पाण्यात थांबली असेल तर मुदतीची वाट न पाहता ते तेल बदला.

गॅरेजात उभं राहून काय बघायचं, तेही सांगतो. तेल सीलबंद डब्यातलं आणा, डबा आपल्यासमोर उघडू द्या, रिकामा डबा आणि बिल घरी न्या. मिस्त्रीला सांगा, आधी भरायचा बोल्ट सैल करून बघ, मग काढायचा. कारण तेल काढून झाल्यावर भरायचा बोल्ट गंजून बसलाय असं कळलं तर गाडी तिथेच अडकते. गाडी सपाट जागेवर हवी. बहुतेक गाड्यांत भरायच्या भोकातून तेल परत ओघळायला लागलं की पुरे. काढलेल्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, मेंदीसारखा मऊ लेप दिसेल. तो रोजच्या झिजेचा, घाबरू नका. नखाएवढे तुकडे दिसले तर मात्र थांबून विचारा. जॅकवर गाडी चढवून स्वतः खाली शिरू नका. दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी जीव घालायचा नाही. आणि निघालेलं तेल गटारात नको. आपल्याकडे वाळवीसाठी लाकडाला जुनं काळं तेल लावायची सवय आहे, पण गिअरचं तेल दाराला लावाल तर महिनाभर पाहुणे नाक धरून आत येतील. ते गॅरेजातल्या पिंपातच राहू द्या, तिथून जुनं तेल घेणारे नेतात.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं? मिस्त्रींनी पुस्तकाप्रमाणे जीएल-४, ७५डब्ल्यू-८५ भरलं. तेल आणि मजुरी मिळून सतराशे रुपये. पहिल्या दिवशी फारसा फरक नव्हता. जुन्या तेलाचा अंश आत राहतोच. तीन-चारशे किलोमीटरनंतर दुसरा गिअर आपसूक पडायला लागला. थंड गाडीत अजून कधीतरी हाताला किंचित अडतं. ते पहिल्यापासून होतं की त्या आठ दिवसांत पडलेला डाग आहे, हे सांगता येत नाही.

त्या तरुण मुलाकडेही गेलो. रागात गेलो होतो, खरं सांगायचं तर. त्याने मागच्या फळीवरचा मोठा कॅन दाखवला. टेम्पो आणि बोलेरोंच्या मागच्या धुरीत घालायला तो हेच वापरायचा. “चाचा, हे महागातलं, म्हणून तुम्हाला घातलं. दुसरं स्वस्त होतं,” तो म्हणाला. चेहरा पडला होता. निकाह चुकल्याचं ऐकल्यावर तर त्याने पैसे परत काढून समोर ठेवले. तेलाचे घेतले, मजुरीचे त्याच्याकडेच ठेवले.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढंच : घाबरून जाऊ नका, आठ-पंधरा दिवसांत गिअरबॉक्स मोडत नाही. आजच पुस्तकातला तक्ता बघा. तिथे जीएल-५ चालतं असं लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. चार लिहिलं असेल तर पुढच्या महिन्यावर न ढकलता बदलून घ्या. आणि गॅरेजवाल्याला तक्ता दाखवा. त्याने विचारलं होतं, आमच्या मुलाने तेवढंही नव्हतं विचारलं.

आता तो विचारतो. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला होता. त्याच्याकडे ईको आली होती, मागच्या चाकांवर चालणारी. “चाचा, पुढे चार आणि मागे पाच ना?” आम्ही म्हटलं, पुस्तक बघ. तो म्हणाला, “पुस्तकात बघूनच फोन केलाय. मालक म्हणतो, दोन्हीकडे भारी घाल. तुम्ही जरा त्यांना समजावता का?” आणि त्याने फोन मालकाच्या हातात दिला.